आडोशाचा मका लोळला, उघड्यावरचा उभा राहिला: मुळांपाशी काय घडलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ढालगावच्या बाजूला, पवनचक्क्यांच्या माळाखाली दोन एकर मका. पश्चिमेच्या बांधावर दाट शेवरी. शेवरीच्या आडोशाच्या दहा-बारा ओळी डोक्याच्या वर गेल्या, पानं हिरवीगार झाली, आणि सप्टेंबरच्या एका वादळी पावसात मुळासकट आडव्या पडल्या. पूर्वेकडचा उघड्यावरचा मका बुटका राहिला, पण जागचा हलला नाही. शेजारी म्हणाले, "वाऱ्यानं मुळं घट्ट होत्यात, ती शेवरी काढून टाक." वाऱ्यानं मुळं खरंच घट्ट होतात का, शेवरी काढायची का, आणि पुढच्या वर्षी मका दोरीनं बांधायचा का, असं तुम्ही विचारलंय.

शेजाऱ्यांचं म्हणणं खरं आहे, पण अर्धं. वारा मुळं मजबूत करतो, पण मक्यासारख्या पिकात मुख्यतः जी मुळं अजून फुटायची आहेत त्यांना. फुटून झालेल्या मुळाला वारा जाड करू शकत नाही. वारा किती लागला यापेक्षा कधी लागला, हा प्रश्न मोठा. शेवरीचं आणि दोरीचं उत्तरही त्यातूनच निघतं, म्हणून आधी मुळाकडे बघू.

मका, ज्वारी, बाजरी, गहू, भात, नाचणी, ऊस आणि बांधावरची हरळी ही सगळी गवताच्या कुळातली. आंब्याच्या मुळात सालीच्या आत वाढीचा एक थर असतो. तो दरवर्षी नवं लाकूड चढवतो, म्हणून करंगळीएवढं मूळ वीस वर्षांत मांडीएवढं होतं. वाऱ्याच्या बाजूला ताण आला तर आंबा त्याच जुन्या मुळावर जाडी चढवतो. गवताच्या मुळात हा थरच नाही. मूळ ज्या जाडीचं बाहेर पडतं, जवळपास त्याच जाडीचं शेवटपर्यंत राहतं. त्याच्या पेशींच्या भिंती कडक होतात, पण घेर वाढत नाही.

मग गवत काय करतं? जुन्या मुळांच्या वर, पुढच्या पेरापासून, नव्या मुळांचं कडं काढतं. मक्यात आधी बियाची मुळं येतात. ती पहिले दोन-तीन आठवडे रोप जगवतात. त्यानंतर जमिनीखालच्या पेरांवर एकावर एक अशी चार-पाच कडी फुटतात, आणि बहुतेक वेळा वरचं कडं खालच्यापेक्षा जाड असतं. शेवटी जमिनीच्या वर एक-दोन, कधी तीन कडी येतात, ती आधारमुळं. झाडाला उभं धरणारी खरी मुळं ही वरची. बियाची मुळं पाणी आणतात, पण ताट सावरण्याचं काम त्यांच्याच्यानं होत नाही.

म्हणजे मक्यानं आपला पाया हप्त्याहप्त्यानं बांधायचा असतो. पेरणीपासून साधारण पन्नास-साठ दिवसांत तो बांधून होतो. त्या काळात ताट हललं तर पुढच्या कड्याला तसा निरोप जातो. तुरा बाहेर पडल्यावर कितीही वारा आला तरी निरोप घेणारं कोणी उरलेलं नसतं.

हा निरोप कसा जातो, हे गेल्या पन्नास वर्षांत बरंच उलगडलंय. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या जॅफे यांनी रोपांची पेरं रोज नुसती बोटांनी चोळली. चोळलेली रोपं बुटकी राहिली, पेरं आखूड झाली आणि पुष्कळ जातींत खोड जाड झालं. पुढे १९९० मध्ये जॅनेट ब्राम आणि रोनाल्ड डेव्हिस यांना वेगळ्याच कामात एक गोष्ट सापडली. मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपट्यावर ते संप्रेरक फवारत होते. काही जनुकं अर्ध्या तासाच्या आत जागी झाली. मग त्यांनी नुसतं पाणी फवारलं, तरी तेच. शेवटी कळलं की औषधाचा संबंध नाही, फवाऱ्याचा धक्काच पुरेसा होता. पान हलवलं, स्पर्श केला, तरी तीच जनुकं जागी होतात.

पेशी वाकली की तिच्यात कॅल्शियम आत येतं, सेकंदांत. त्यापाठोपाठ इथिलीनसारखी संप्रेरकं हलतात, उंचीची वाढ मंदावते आणि पानात तयार झालेल्या साखरेचा वाटा खाली जास्त जाऊ लागतो. तुमचा उघड्यावरचा मका बुटका राहिला तो नुसत्या उपासमारीनं नाही, काही प्रमाणात या वाटणीमुळेही.

पिकांच्या बाबतीत मला सर्वांत उपयोगी वाटतं ते इंग्लंडमधल्या रोलंड एनॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम. त्यांनी मक्याची रोपं नेमानं एका दिशेनं वाकवली, शेजारी तशीच रोपं न हलवता ठेवली. वाकवलेल्यांची मुळं जास्त ताठ आणि बळकट निघाली. गव्हात त्यांनी उलटं केलं. काही झाडांना आधार देऊन हलूच दिलं नाही आणि काही मोकळी ठेवली. मोकळ्या झाडांची मुळं आणि काड्या आधार दिलेल्यांपेक्षा मजबूत भरल्या. या प्रयोगांचं महत्त्व असं की शेतात वारा एकटा येत नाही. तो पान सुकवतो, थंड करतो, माती वाळवतो. हातानं वाकवलं की फक्त हलण्याचा परिणाम वेगळा दिसतो, आणि तो दिसला.

आता तुमच्या शेतातली एक गोष्ट. तुम्ही लिहिलंय की ताटं शेवरीच्या दिशेला, म्हणजे पश्चिमेला पडली. याचा अर्थ झोत पूर्वेकडून आला. जून ते ऑगस्ट आपल्याकडे वारा पश्चिमेचा असतो. तो सगळा शेवरीनं अडवला, आणि आडोशाच्या ओळींनी पाया बांधायच्या दिवसांत वारा अनुभवलाच नाही. सप्टेंबरपासूनची वादळं मात्र अनेकदा पूर्वेकडून चालून येतात, जिथे तुमच्या रानाला काहीच आडवं नाही. न शिकलेल्या ओळींवर अनोळखी बाजूनं घाव बसला.

पण सगळं खापर शेवरीवर फोडू नका. त्या ओळींत आणखी तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. एक, दुपारनंतर शेवरीची सावली. हिरव्या पानांतून गाळून आलेला प्रकाश रोपाला "शेजारी गर्दी आहे" असं सांगतो आणि रोप उंचीच्या मागे लागतं. बुडाला द्यायचं ते शेंड्याला देतं. दुसरं, आडोशाला माती उशिरा वाळते. तिसरं, शेवरी द्विदल, म्हणजे जमिनीला नत्र देणारी, तिचा पाला वर्षानुवर्षं तिथे पडतोय, त्यावर तुम्ही सगळ्या रानाला दिला तेवढाच युरिया तिथेही दिलात. पानं हिरवीगार का झाली, ते यावरून कळेल. वारा न लागणं हे चौथं कारण. चारही एकाच बाजूला झुकली.

ताट उपटून पडतं तेव्हा जमिनीखाली काय होतं, हे एकदा हातानं करून बघा. वाफसा असताना गुडघ्याएवढ्या मक्याच्या बुडाशी बसा आणि ताट सावकाश एका बाजूला ढकला. ज्या बाजूनं ढकलताय तिकडे बुडापासून थोड्या अंतरावर मातीला कमानीसारखी बारीक चीर पडेल. तिथली मुळं दोरीसारखी ओढली जातात. ज्या बाजूला ताट झुकतंय तिकडची मुळं मात्र काठीसारखी वाकतात आणि मातीत दाबली जातात. ताट त्या बाजूच्या बिजागरीवर फिरतं. म्हणून ओढ सोसायला लांब, मातीला धरलेली मुळं हवीत आणि दाब सोसायला जाड, ताठ मुळं हवीत. आधारमुळं दुसऱ्या कामासाठी असतात. ती हवेत लोंबत राहिली तर निरुपयोगी, जमिनीत शिरली तरच टेकू.

गव्हासाठी ब्रिटनमध्ये मांडलेलं एक गणित मी शेतकऱ्यांना नेहमी सांगतो, कारण ते डोळे उघडणारं आहे. मुळांसकट जी मातीची थाळी उचलली जाते, तिच्या रुंदीच्या घनावर झाडाची पकड ठरते आणि मातीच्या घट्टपणाशी ती सरळ प्रमाणात असते. थाळी ८ सेंमीची १० सेंमी झाली, तर पकड जवळजवळ दुप्पट होते. दोन सेंमीचा फरक दुरून दिसतही नाही. उलट बाजूनं वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दुप्पट झाला की ढकलणारा जोर चौपट. मातीचा घट्टपणा तर पावसात काही तासांत घसरतो. म्हणूनच कोरड्या वादळात उभं राहिलेलं रान आधी भिजून मग वारा आला की पडतं. तुमच्याकडेही आधी पाऊस आणि मग वारा, असंच झालं.

वारा जास्त झाला तर मुळांना शिक्षण मिळत नाही, इजा होते. काळ्या रानात पावसाची झड लागली असेल तेव्हा महिन्याभराच्या मक्यात फिरून बघा. प्रत्येक ताटाच्या बुडाभोवती चहाच्या बशीएवढा खळगा झालेला दिसतो. ताट गोल गोल हलून मातीत भोक पाडतं, त्यात पाणी साचतं, आणि ताट चिखलात उभ्या केलेल्या काठीसारखं डुलतं. अशा वेळी मुळावरची बारीक केसं तुटलेली असतात, मातीशी संबंध सुटलेला असतो. नवं कडं फुटलं तरी त्याचं टोक मातीला लागायच्या ऐवजी त्या खळग्यात वाळतं किंवा कुजतं. इथे झाडाला आणखी हलण्याची गरज नसते, बुडाशी माती हवी असते.

ज्वारीत हे आणखी जवळून दिसतं. गव्हाच्या बियाला तीन ते सहा मुळं फुटतात. ज्वारीला एकच. मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात रब्बी ज्वारीचं तीन आठवड्यांचं रान मला एका शेतकऱ्यानं दाखवलं होतं. रोपं वरून छान, पण वारा सुटला की कलंडायची आणि बुडापाशी पिळवटून पडायची. खुरप्यानं हळूच माती बाजूला केली. खाली सुतळीपेक्षा बारीक एक मूळ सरळ खोल गेलेलं, ओलीत पोचलेलं, म्हणून रोप हिरवं. त्याच्या वर, बुडाच्या कडेनं, चार-पाच पांढरे टोकदार फुगवटे. ती पुढची मुळं. बाहेर पडायला तयार होती, पण वरचा दोन-तीन इंचांचा थर भाजल्यासारखा कोरडा. कोरड्या मातीत मूळ शिरत नाही, टोक जळून थांबतं. अख्खं रान एकेका मुळावर लटकत होतं. तिथे वाऱ्यानं कितीही निरोप दिले तरी मुळं फुटणार कुठे? आम्ही लगेच कोळपं फिरवलं, माती बुडाला लोटली. खालची ओली माती वर आली, बूड झाकलं, आणि पुढच्या दहा-बारा दिवसांत मुळं धरली. ज्वारीत तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी करायला सांगतात ती फक्त तणासाठी नाही.

मक्याच्या पेरणीतही हाच धडा आहे. बी पाच सेंमीवर टाकलं काय आणि सहा सेंमीवर टाकलं काय, जिथून कायमची मुळं फुटतात तो गड्डा जमिनीखाली साधारण दोन सेंमीवरच बसतो. रोप तेवढी मान लांब करून घेतं. पण बी दोन-अडीच सेंमीवर उथळ पडलं तर गड्डा अगदी पृष्ठभागाशी येतो, मुळं कोरड्या फुफाट्यात फुटतात आणि रोप वाऱ्यावर लुळं पडतं. म्हणून ४ ते ५ सेंमीच्या खाली-वर होऊ देऊ नका. पाभरीच्या मागून चालताना एका जागी बोटानं उकरून बघायला अर्धा मिनिट लागतो.

आता शेवरी. ती काढू नका. फुलोऱ्याच्या आणि दाणे भरायच्या वेळी आडोशाचा फायदा मोठा असतो आणि उन्हाळ्यात जनावरांना तिचा पाला मिळतो. मी एक साधी गोष्ट करायला सांगतो. पेरणीच्या सुमारास शेवरी कंबरेएवढी छाटा. पाला शेळ्यांना द्या. जून-जुलैचा पश्चिमेचा वारा त्या ओळींना लागू द्या, नेमका त्याच दिवसांत त्यांची कडी फुटत असतात. शेवरी झपाट्यानं वाढते, ऑगस्टच्या शेवटी ती परत पुरुषभर होते, तेव्हा मक्याचा पाया बांधून झालेला असतो. पट्टा दाट ठेवू नका, विरळ करा. साधारण निम्मा वारा आरपार जाऊ देणारा पट्टा सर्वांत चांगला. भिंतीसारखा दाट पट्टा वारा वरून उचलतो आणि मागे खाली आपटतो, भोवरे तयार होतात. चांगल्या पट्ट्याचा आडोसा त्याच्या उंचीच्या दहापटीपर्यंत जाणवतो. म्हणजे तीन मीटर शेवरीचा उपयोग तीस मीटरपर्यंत होतो, दहा-बारा ओळींपुरता नाही. पूर्वेच्या बांधावरही विरळ गिरिपुष्प लावलंत तर परतीच्या पावसातला झोत थोडा मोडेल.

आणि शेवरीलगतच्या ओळींना युरिया कमी द्या. पहिल्या महिन्यात नत्र भरपूर आणि पाणीही सतत मिळालं तर रोपाला मुळं पसरवायची गरजच उरत नाही. दुसरा हप्ता ३० दिवसांच्या आसपास देऊन त्याच दिवशी भर लावा. भर लावताना माती ताटाच्या बुडाला नीट टेकली पाहिजे, सरीच्या बाजूला नुसती ढिगानं पडता कामा नये. आधारमुळांचं पहिलं कडं दिसायला लागतं, टोकं लालसर-हिरवी आणि चिकट असतात, तेव्हा ती मातीत शिरली तर तुमचं अर्धं काम झालं. अमेरिकेत डेलावेर विद्यापीठात आधारमुळं कापून ताटाचा ताठरपणा मोजला गेला, तेव्हा जमिनीत शिरलेल्या कड्यांवर पकड किती अवलंबून असते ते आकड्यांत दिसलं. आपले जुने लोक भर का लावत, याचं ते मोजमाप आहे.

दोरीनं बांधायचं का? मक्याला नाही. वाढीच्या काळात बांधलेला मका म्हणजे एनॉस यांचा आधार दिलेला गहू. हलणार नाही, शिकणार नाही. आणि पडल्यावर उचलून बांधणं तर नकोच. तुरा यायच्या आधी पडलेला मका स्वतः उठतो. प्रत्येक गाठीपाशी पानाच्या आवरणाच्या बुडाला एक फुगीर भाग असतो. तो खालच्या बाजूनं जास्त वाढतो आणि ताट हंसाच्या मानेसारखं वळून वर येतं. दोन-तीन दिवसांत शेंडा उभा होतो. तुम्ही माणसं लावून ताटं उभी करायला गेलात तर उरलेली मुळंही तुटतात. त्यापेक्षा पाणी साचलेलं काढून द्या आणि वाफसा आला की बुडाला माती द्या. तुरा आल्यानंतर पडला असेल तर मुरघासाचा हिशेब करा.

उसाचं वेगळं. तुमचा एक एकर ऊस आहे म्हणून सांगतो. किनारी आंध्रात चक्रीवादळांच्या पट्ट्यात उसाची वाळलेली पाचट पिळून त्याच पाचटानं बेटं एकमेकांना बांधतात. पण ते मोठ्या बांधणीनंतर, म्हणजे बुडाला शेवटची माती चढवून झाल्यावर, ऊस उंच झाला की. तोपर्यंत त्याची मुळं बसलेली असतात. उसाला आधी कांडीची मुळं येतात, ती दीड-दोन महिन्यांत संपतात. मग कोंबाची जाड पांढरी मुळं फुटतात, त्यातली काही तिरकी जाऊन टेकू देतात आणि काही दोरखंडासारखी खोल जातात. बाळबांधणी आणि मोठी बांधणी यांचा अर्थ या मुळांना माती देणं. खोडव्यात नवे कोंब जुन्या बुडख्याच्या वरच्या डोळ्यांतून येतात, त्यांची मुळं वरच राहतात, म्हणून खोडवा लवकर लोळतो. बुडखे जमिनीलगत छाटणं आणि बगला फोडून माती लावणं इथे दोरीपेक्षा जास्त कामाचं. आणि बेट हातानं ओढल्यावर सहज उपटलं, मुळं कुरतडलेली दिसली, तर वाऱ्याचा विचार सोडा, खाली हुमणी शोधा.

रोपं मुद्दाम हलवण्याची पद्धत आपल्या शेजारीच आहे. कर्नाटकात हावेरीकडे गुळी पद्धतीनं नाचणी लावतात, चौकोनी अंतरावर. रोपं कोवळी, लवचिक असतात तेव्हा, लावणीनंतर साधारण १५ ते ४५ दिवसांत, बैलांनी हलकं लाकूड त्यावरून ओढतात. त्याला तिथे कोरडू म्हणतात. रोपं वाकतात, दबतात, थोडी दुखावतात, आणि मग बुडातून फुटवे आणि मुळं जोमानं येतात. जपानमध्ये हिवाळ्यात गहू-जवाच्या कोवळ्या रोपांवरून पायानं तुडवत जायची जुनी रीत आहे, मुगिफुमी. थंडीनं फुगलेली माती दाबली जाते आणि रोपही बसकं, घट्ट होतं. दोन्हींत वेळ एकच आहे. रोप कोवळं असताना, वाढीचा कोंब अजून जमिनीलगत किंवा खाली असताना. पेर सुटल्यावर हे केलं तर ताट मोडेल.

तुम्ही ट्रेमधली उसाची रोपं लावता का? शेडनेटमध्ये वाढलेली रोपं लांबट, लुळी असतात. लावणीच्या आठ-दहा दिवस आधी ती उघड्यावर काढा. सकाळी दव उडाल्यावर मऊ पाइप किंवा गुळगुळीत वेळू शेंड्यांवरून दोन-चार वेळा हळू फिरवा. ओल्या पानांवर फिरवू नका, करपा पसरतो. दिवसभर फिरवायची गरज नाही. फ्रान्समध्ये पॉप्लरच्या रोपांवर केलेल्या कामात असं दिसलं की एकदा वाकवल्यावर रोप पुढच्या वाकवण्याला कमी दाद देतं आणि पुन्हा तितकंच संवेदनशील व्हायला काही दिवस जातात. पॉप्लर गवत नाही, पण थोडं आणि नेमानं हे सूत्र मी उसाच्या रोपांनाही लावतो आणि मला ते पटलंय.

एक ताण असा आहे की त्याचा फायदा जवळजवळ नाही, तो म्हणजे दबलेली माती. रोटाव्हेटर वर्षानुवर्षं एकाच खोलीवर फिरला, ओल्या रानात ट्रॉली गेली, की पाच-सहा इंचांवर कठीण थर बसतो. मातीचा रोध दर चौरस सेंमीला २० किलोच्या आसपास गेला की मुळाची वाढ जवळपास थांबते. पूर्वी वाटायचं मूळ ताकद कमी पडते म्हणून थांबतं. २०२१ मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या बिपिन पांडे आणि सहकाऱ्यांनी भातावर वेगळंच दाखवलं. मूळ स्वतः इथिलीन वायू सोडत असतं. भुसभुशीत मातीत तो निघून जातो. दबलेल्या मातीत पोकळ्याच नसल्यानं तो मुळाभोवती साचतो आणि मूळ तो इशारा मानून लांबायचं थांबतं, जाड होतं. इथिलीन न ओळखणारी भाताची रोपं त्याच दबलेल्या मातीत आत शिरली. म्हणजे शिरायची ताकद होती. तुमच्या पडलेल्या ताटांची मुळं ताटलीसारखी सपाट पसरून एका पातळीवर वळलेली दिसली तर ढकलणारा वारा होता, पण मुळांना अडवणारा हा थर होता. उन्हाळ्यात रान पूर्ण कोरडं असताना सबसॉयलर, म्हणजे खालचा कठीण थर फोडणारं अवजार, घाला. ओल्यात घातला तर नुसती रेघ पडते.

आता एक काम करा, मक्याची सडं अजून रानात असतील तर. दोन ठिकाणी खणा, शेवरीपासून तिसऱ्या ओळीत एक आणि पूर्वेच्या उघड्या कडेला एक. पहारीनं उपटू नका, कुदळीनं फूटभर गोल घेऊन मातीचा गड्डा उचला आणि बादलीत तासभर भिजू द्या. मग माती हलक्या हातानं धुवा. खालून वर कडी मोजा. सर्वांत वरच्या, जमिनीत शिरलेल्या कड्याची मुळं किती आणि पेन्सिलीच्या तुलनेत किती जाड, ते बघा. पश्चिमेकडची बाजू आधीच खडूनं खुणावून ठेवा, म्हणजे कुठल्या बाजूला मुळं जास्त ते कळेल. हवेतच वाळून गेलेली टोकं वेगळी मोजा. मुळं कुठे एका पातळीवर वळलीत का, ती खोली पट्टीनं लिहून ठेवा. दोन्ही गड्ड्यांचे हे आकडे मला कळवा. त्यावरून तुमच्या रानात भर किती दिवसांनी लावायची आणि सबसॉयलरचा खर्च करायचा की नाही, ते ठरवता येईल.